‘जोडणी’ हे नवीन बांधकामाचंच लाडकं नाव आहे

मंडळी, फाशिंगच्या सुट्टीतल्या ट्रिपचा पोल ग्रुपवर फिरतोय. पर्याय एक: ‘तीनशे किलोमीटर पिस्ट, एकच पास!!’ पर्याय दोन: छोटं गाव, छोटा डोंगर. पहिल्याला धडाधड मतं पडतायत. मी खाली कमेंट लिहायला घेतली, ती लांबतच गेली, म्हणून इथे वेगळी पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा. आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय ‘याला स्कीइंगच आवडत नाही’ असं लिहू नका. आवडतं. म्हणूनच लिहितोय.

म्युनिकात नव्याने आलेल्यांसाठी आधी थोडं. आल्प्समध्ये पूर्वी प्रत्येक खोऱ्याचा आपापला डोंगर असायचा, त्यावर दोन-चार लिफ्ट. मग शेजारच्या दोन डोंगरांच्या मध्ये लिफ्ट टाकायची, मधला उतार सपाट करून पिस्ट काढायची आणि दोन्हीचं मिळून एक ‘मोठं’ क्षेत्र म्हणून विकायचं, हा प्रकार सुरू झाला. फ्रान्समधलं ‘थ्री व्हॅलीज’ म्हणजे सहाशे किलोमीटर. फ्रान्स आणि स्वित्झर्लंड मिळून ‘पोर्त द्यु सोलेय’, बारा गावं. आपल्या जवळचं आर्लबर्ग २०१६ मध्ये फ्लेक्सनबानने पूर्ण जोडलं गेलं आणि ऑस्ट्रियातलं सर्वात मोठं जोडलेलं क्षेत्र म्हणून मिरवू लागलं, तीनशेच्या वर किलोमीटर. झालबाखला २०१५ मध्ये फीबरब्रुन जोडलं. ही स्पर्धा अजून चालू आहे. शेजाऱ्याचे २७० असतील तर आपले ३०० हवेत, एवढंच तिचं गणित.

आता माझा मुद्दा. ‘जोडणी’ हा शब्द ऐकायला फार गोड आहे. जोडणं कोणाला नको असतं? पण टिरोलमध्ये या शब्दाला एक कायदेशीर काम आहे, ते बघा. टिरोल सरकारच्या स्की क्षेत्रांच्या कार्यक्रमानुसार २००५ पासून तिथे नवीन स्की क्षेत्र उभारायला परवानगी नाही. छान. टाळ्या. पण असलेल्या क्षेत्राचा ‘विस्तार’ अटी पाळून करता येतो, आणि दोन असलेल्या क्षेत्रांची ‘जोडणी’ विस्तारात बसवता येते. म्हणजे मधल्या कोऱ्या डोंगरावर तुम्ही ‘नवीन स्की क्षेत्र’ म्हणून अर्ज केलात तर दारातूनच परत. तोच डोंगर, त्याच लिफ्ट, तेच सुरुंग, पण अर्जावर ‘जोडणी’ लिहिलं की फाईल पुढे सरकते. आपल्याकडे नवीन बांधकामाला परवानगी मिळत नाही म्हणून जुन्या घराची ‘दुरुस्ती’ दाखवून तीन मजले चढवतात ना, डिट्टो तेच. आपण सगळे ओळखतो ही युक्ती. युरोपात ती सूट घालून येते इतकंच.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण पिट्झताल आणि ओट्झतालचं. जर्मन वर्तमानपत्रांनी त्याला ‘ग्लेचर-एहे’ म्हणजे हिमनद्यांचं लग्न असं नाव दिलं होतं. एका बाजूला पिट्झतालची हिमनदी, दुसऱ्या बाजूला सोल्डन (तेच, जिथे दर ऑक्टोबरात वर्ल्ड कपचा हंगाम सुरू होतो आणि जिथे बाँडच्या ‘स्पेक्टर’चं शूटिंग झालं). मध्ये लिंकर फर्नरकोगल नावाचा डोंगर आणि त्याच्या आजूबाजूच्या, तोपर्यंत लिफ्ट न लागलेल्या हिमनद्या. योजना काय होती? तीन नव्या केबल कार. सुमारे ६४ हेक्टर नवीन पिस्ट, म्हणजे आपल्या हिशोबात १५८ एकर. एक बोगदा. डोंगराची एक धार सुरुंग लावून तीस मीटरहून जास्त खाली आणायची, म्हणजे दहा मजली इमारतीएवढी उंची कापून काढायची. आणि एकूण साडेसात लाख घनमीटर खडक, माती, बर्फ हलवायचा. एका डंपरमध्ये दहा घनमीटर धरले तर पंचाहत्तर हजार डंपर. खर्च १३० कोटी नव्हे हं, १३० दशलक्ष युरो. रुपयात तुम्हीच करा.

या लग्नातला सगळा हुंडा मधल्या डोंगराने द्यायचा होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

विरोधात एक लाख साठ हजारांच्या वर सह्या जमल्या. आल्पाइन क्लबवाले, डब्ल्यूडब्ल्यूएफ, निसर्गमित्र संघटना सगळे उतरले. पण मला त्यातला सर्वात महत्त्वाचा दिवस वाटतो तो १७ जुलै २०२२. पिट्झतालच्या सांक्त लेओनहार्ड या गावाने आपल्याच लोकांना विचारलं, हवंय का? हे गाव म्हणजे हजार-दीड हजार वस्तीचं, आणि ते जगतंच मुळी पर्यटनावर. निकाल: ५०.३६ टक्के ‘नाही’. पाच मतांचा फरक. पाच! एका घरातली माणसं दुसरीकडे जेवायला गेली असती तर आज तिथे पोकलेन दिसले असते. त्यानंतर प्रकल्प गुंडाळला गेला.

मला हे पाच मतांचं प्रकरण फार बोलकं वाटतं. कारण आपल्याला नेहमी सांगितलं जातं की बाहेरच्या शहरी लोकांना डोंगर ‘म्युझियम’ म्हणून हवा असतो आणि बिचाऱ्या स्थानिकांना रोजगार हवा असतो. इथे स्थानिकांचीच निम्मी मतं विरोधात गेली. हॉटेलात काम करणारी, खोल्या भाड्याने देणारी माणसं. त्यांना कळत होतं की जोडणी झाली की दोन खोऱ्यांमधलं मोठं खोरं जिंकतं. छोट्या किराणा दुकानाच्या मागच्या भिंतीला दार पाडून ते मॉलला जोडलं तर गिऱ्हाईक कुठून कुठे जाईल? आमच्या गल्लीतल्या कुठल्याही वाण्याने सांगितलं असतं.

आता बव्हेरियावाल्यांनी फार हसू नये. आपल्या घरचंही एक आहे. आल्गॉयमधलं रीडबर्गर हॉर्न. तिथे ग्रासगेहरन आणि बाल्डरश्वांग ही दोन छोटी क्षेत्रं जोडायची होती. अडचण एकच, मधला उतार ‘आल्पेनप्लान’च्या झोन सी मध्ये. आल्पेनप्लान म्हणजे १९७२ चा बव्हेरियाचा आराखडा. आल्प्सचे तीन झोन केले: ए मध्ये बांधा, बी मध्ये तपासून बांधा, सी मध्ये लिफ्ट, पिस्ट, रस्ते काही नाही. बव्हेरियन आल्प्सचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग सी मध्ये आहे. आज तुम्ही-आम्ही रविवारी सँडविच बांधून ज्या शांत वाटांवर फिरायला जातो, त्यातल्या कितीतरी या एका कागदामुळे शांत आहेत. कागद म्हणून मला हा प्रचंड आवडतो. जाहिरात नाही, उद्घाटन नाही, कोनशिला नाही, फक्त ‘इथे काही करायचं नाही’ असं लिहून ठेवलंय.

तर २०१७ च्या नोव्हेंबरात बव्हेरियाच्या विधानसभेने या एका जोडणीसाठी तो आराखडाच बदलला. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा झोन सी ला भोक पाडलं. त्या डोंगरावर बिर्कहून नावाचा रानकोंबड्यासारखा पक्षी राहतो, जो जर्मनीत फार थोड्या ठिकाणी उरलाय. मग २०१८ मध्ये मार्कुस झोडर मुख्यमंत्री झाले आणि एप्रिलमध्येच त्यांनी जोडणी रद्द केली. पक्ष्याच्या प्रेमामुळे की ऑक्टोबरातल्या निवडणुकीमुळे, ते तुम्ही ठरवा. मला कारणाशी देणंघेणं नाही. पुढे झोनही पूर्ववत झाला.

इथे एक प्रश्न मला विचारला जाईल, तो आधीच घेतो, कारण तो खरा प्रश्न आहे. रीडबर्गर हॉर्नच्या दोन्ही गावांनी २०१६ मध्ये मतदान करून जोडणीला ‘हो’ म्हटलं होतं. मग पिट्झतालच्या लोकांनी नाही म्हटलं की लोकशाही जिंदाबाद, आणि इथल्यांनी हो म्हटलं की आराखडा मोठा? हा दुटप्पीपणा नाही का? मला नाही वाटत. आपल्या अंगणात काही होऊ नये हे सांगायचा हक्क गावाला हवाच. पण सगळ्या राज्याने मिळून जी जमीन बाजूला ठेवली, ती उघडायचा हक्क दोन गावांना असू शकत नाही. ते अंगण एकट्या त्यांचं नाही. सोसायटीत एखाद्या फ्लॅटवाल्याने ‘माझ्या भिंतीला खिळा नको’ म्हटलं तर ऐकावं लागतं. पण दोन फ्लॅटवाल्यांनी मिळून गच्ची विकायचा ठराव केला तर तो चालत नाही. बस.

आता येऊ किलोमीटरवर, कारण पोलमध्ये सगळ्यांची उडी त्यावरच आहे.

२०१३ मध्ये क्रिस्टोफ श्राहे नावाच्या जर्मन तज्ज्ञाने आल्प्समधल्या मोठमोठ्या क्षेत्रांच्या पिस्ट उपग्रह चित्रांवरून मोजल्या. कित्येकांचे जाहिरातीतले आकडे भलतेच फुगलेले निघाले. स्वित्झर्लंडमधलं वेर्बिएचं ‘फोर व्हॅलीज’ तेव्हा ४१२ किलोमीटर सांगत होतं, मोजले तर १६४ च्या आसपास. मग खुलासे काय आले माहितीये? की स्की करणारा माणूस सरळ थोडाच जातो, वळणं घेत जातो, ती वळणं धरून आम्ही मोजतो! म्हणजे पुणे-मुंबई अंतर सांगताना रिक्षावाल्याने खड्डे चुकवलेलंही मीटरमध्ये धरायचं. बोंबाबोंब झाल्यावर काही क्षेत्रांनी आकडे दुरुस्त केले, पण मुळात या आकड्यासाठी डोंगर फोडायचे हे वेड काही दुरुस्त झालं नाही.

आणि समजा आकडा शंभर टक्के खरा आहे. तुम्ही त्यातले किती वापरणार? आपल्यासारखी मंडळी, म्हणजे तिशीत पहिल्यांदा बर्फ बघितलेली, पोरं लहान, एकाचा बूट चावतोय, दुसऱ्याला शू आलीय, दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर केले तरी संध्याकाळी स्टेटस टाकतो. डोलोमाइट्समधली जगप्रसिद्ध सेला रोंडा घ्या. सेला पर्वताभोवतीची फेरी, चार घाट ओलांडून. लिफ्टसकट सुमारे चाळीस किलोमीटर, त्यात प्रत्यक्ष स्कीइंग सव्वीसच्या आसपास. सुंदर आहे, वादच नाही. पण ती करणाऱ्यांना विचारा दिवस कसा जातो. सारखं घड्याळ. साडेतीनच्या आत शेवटचा घाट ओलांडायचा, नाहीतर लिफ्ट बंद आणि मुक्काम दुसऱ्या खोऱ्यात. मग बूट-स्की सगळं घेऊन टॅक्सी, घाटातून. मोठ्या जोडलेल्या क्षेत्रात तुम्ही हिंडत नाही, कनेक्शन पकडत असता. म्युनिकात आठवडाभर एस-बानमागे धावतो तेवढं पुरे नाही का?

त्यात वारा. जोडणारी लिफ्ट बहुतेक वेळा खिंडीवरून, धारेवरून जाते, म्हणजे जिथे वारा सर्वात जास्त तिथून. वारा सुटला की आधी बंद होते ती हीच. पास तुम्ही तीनशेचा काढलेला, मिळतात ऐंशी. पैसे परत? हसू नका.

पैशांचं म्हणाल तर आर्लबर्गसारख्या ठिकाणी मोसमात मोठ्या माणसाचा एका दिवसाचा पास आता ऐंशी युरोच्या घरात गेलाय. चार माणसांचं कुटुंब, भाड्याचं सामान, वर पास्ता-चिप्स, हिशोब करा. या ऐंशीत त्या जोडणाऱ्या लिफ्टचे, तिच्या सुरुंगांचे, तिच्या स्नो गनचे पैसे आहेत. आपण तिच्यावरून एकदाही गेलो नाही तरी आहेत.

जोडणीवाल्यांचा एक मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यावा लागतो. ते म्हणतात, हवामान बदलतंय, खालच्या गावांत बर्फ टिकणार नाही, त्यांना वरच्या डोंगराशी जोडलं तरच ती जगतील. यात तथ्य आहे. २०२३ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये युरोपातल्या २२३४ स्की ठिकाणांचा अभ्यास आला. तापमान दोन अंशांनी वाढलं तर कृत्रिम बर्फाशिवाय ५३ टक्के ठिकाणी बर्फाची टंचाई अतिशय गंभीर होईल. चार अंशांनी वाढलं तर ९८ टक्के. अर्ध्या क्षेत्रावर कृत्रिम बर्फ टाकला तरी दोन अंशांना २७ टक्के उरतातच. ऑस्ट्रियात आजच सुमारे ७० टक्के पिस्टवर बर्फ पाडायची सोय आहे, इटलीत ९० टक्के.

पण या आकड्यांवरून निघणारा निष्कर्ष बघा. वरचं तरी किती दिवस टिकणार? स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून दहा टक्के बर्फ गमावला. दोन वर्षांत! भारतातून आई-बाबा आले की आपण त्यांना हौसेने ज्या टिटलिसवर नेतो (शाहरुख-काजोलच्या कटआउटशेजारी फोटो, सर्वांकडे आहे, माझ्याकडेही आहे), तिथे उन्हाळ्यात हिमनदीवर पांढरी गोधडी पांघरून ठेवतात, वितळू नये म्हणून. अशा आजारी माणसाच्या छातीवर खांब ठोकून खालच्याला जगवायचं, हा कसला विमा?

झेरमाटला काय झालं आठवतंय ना. झेरमाट आणि इटलीतलं चेर्विनिया हे सीमेपलीकडे जोडलेलं क्षेत्र. स्वित्झर्लंडमध्ये सुरू होऊन इटलीत संपणारी वर्ल्ड कप शर्यत, हिमनदीवर, नोव्हेंबरात. मोठा गाजावाजा. २०२२ मध्ये चारही शर्यती रद्द, बर्फच नाही. २०२३ मध्ये ट्रॅक तयार करायला हिमनदीवर पोकलेन चढवले, फोटो जगभर गेले, परवानगीच्या हद्दीबाहेर काम झाल्याचं कँटनच्या अधिकाऱ्यांनी म्हटलं. मग शर्यती? पुन्हा सगळ्या रद्द, यावेळी वारा आणि हिमवर्षाव. शेवटी कॅलेंडरमधूनच काढून टाकल्या. दोन वर्षं, एकही शर्यत नाही, आणि हिमनदीवर चर.

आणि तरीही याच चेर्विनियाला पलीकडच्या मोंतेरोझा क्षेत्राशी जोडायचा प्रस्ताव तिकडे रेटला जातोय, चिमे ब्यांके नावाच्या खोऱ्यातून. ते खोरं युरोपियन युनियनच्या ‘नातुरा २०००’ संरक्षित जाळ्यात आहे, त्यात आज एकही लिफ्ट नाही. जोडलं की झेरमाटसकट पाचशेहून जास्त किलोमीटर. पुन्हा आकडा.

मी सगळ्याच जोडण्यांच्या विरोधात नाही. फ्रान्समध्ये ले-झार्क आणि ला प्लान्य यांच्यात २००३ मध्ये एक दुमजली केबल कार टाकली, दरी ओलांडून जवळजवळ दोन किलोमीटर, मध्ये पिस्ट वगैरे काही नाही. ठीक आहे. त्याहून मला आवडतं ते साउथ टिरोलचं पुस्टरताल. तिथे क्रोनप्लाट्झ आणि ड्राय त्सिनन ही दोन क्षेत्रं चक्क लोकल रेल्वेने जोडलीत. पेर्खा आणि फीरशाख या स्टेशनांवर उतरायचं की समोर गोंडोला. पाऊणएक तासाचा प्रवास, गाडीत बसून डबा खायचा, पोरं झोपतात. रूळ आधीपासूनच होते, नुसती लिफ्टपाशी स्टेशनं केली. आणि डोलोमिती सुपरस्की तर १९७४ पासून आहे: एक पास, बारा क्षेत्रं, बाराशे किलोमीटर, आणि ती सगळी एकमेकांना लिफ्टने जोडलेली नाहीतच. तिकिटाने जोडलीत. पन्नास वर्षांपूर्वी इटलीवाल्यांना कळलं होतं की छापखान्यात होणारं काम सुरुंगाने करायची गरज नसते.

एका दादांनी ग्रुपवर लिहिलंय, ‘आपल्या वीस कुटुंबांनी काय फरक पडणार?’ दादा, सांक्त लेओनहार्डला पाचने पडला. आणि आपण काही मतदार नाही हे खरं. आपल्यातल्या बहुतेकांचा अजून निळा पासपोर्ट आहे, गावच्या निवडणुकीतसुद्धा मत नाही. आपल्याकडे आहे ते गिऱ्हाइकाचं मत. या सगळ्या जोडण्या आपल्यासारख्याच लोकांच्या नावावर मंजूर होतात, ‘पाहुण्यांना मोठं क्षेत्र हवं असतं’ म्हणून. पाहुणे कोण? म्युनिकहून शनिवारी सकाळी ए-८ वर तीन तास अडकणारे आपण. खंडाळ्याच्या घाटाला नावं ठेवत इथे आलो आणि इथला खंडाळा आपणच केला. टिरोलवाल्यांनी कंटाळून २०१९ पासून हायवेवरून गावात घुसायला बंदी घातली, तरी आपलं गुगल मॅप मधली गल्ली शोधतंच.

आमची दोन्ही पोरं एका छोट्या गावच्या श्लेपलिफ्टवर शिकली. नाव लिहीत नाही, उगाच गर्दी नको. दोन लिफ्ट, एक टपरी, सूप चांगलं. पोरं कुठेही गेली तरी खालून दिसतात. मोठ्या क्षेत्राच्या तिसऱ्या हिश्श्यात दिवस होतो. तिथला लिफ्टवाला आजोबा गेल्या वर्षी म्हणाला, शनिवारी-रविवारी लोक येतात पण फाशिंगच्या आठवड्यात सगळे ‘मोठ्या’कडे जातात, आणि वर्षाची कमाई त्याच आठवड्यात असते. ती लिफ्ट बंद झाली तर तिला कुणी स्नो गनने वाचवणार नाही, आणि आपली पुढची पोरं ऐंशी युरो देऊन नवशिक्यांच्या पट्ट्यावर पडत राहतील.

तेव्हा पोलमध्ये मी दुसऱ्या पर्यायाला मत दिलंय. बदल करायची मुदत गुरुवार रात्रीपर्यंत आहे. रेल्वेने जाता येतं, बायर्न तिकिटावर पाच जण, सामान भाड्याने तिथेच मिळतं. डब्यात कोण काय आणणार त्याची यादी मी करतो. ज्यांना आर्लबर्गलाच जायचंय त्यांनी जावं, पण पोस्टरवरचा आकडा वळणं धरून आहे की न धरता, तेवढं विचारून घ्या.